कोहळ्याच्या वड्या आणि दहावी सभासद

कोहळा फोडायला काय अक्कल लागते, असं विचारणाऱ्या माणसानं कोहळा फोडलेला नसतो. मी फोडलेले आहेत. अठ्ठावन्न सालच्या माघ महिन्यात, सोळा दिवसांत, दीडशेच्या आसपास. सरकारी कामाच्या वेळेत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, नऊ बायकांच्या देखत. माझ्या सेवापुस्तकात त्याबद्दल एक अक्षर नाही. नाही तेच बरं, कारण ते सगळेच कोहळे मी जिवंत बायकांसाठी फोडले असं मला शपथेवर सांगता येणार नाही.

मी तेव्हा धानोऱ्याच्या विकास गटात समाजशिक्षण संघटक होतो. या हुद्द्याचा नेमका अर्थ मला शेवटपर्यंत कळला नाही, पण वरून परिपत्रक आलं की सायकलवर टांग टाकायची एवढं कळत होतं. त्या थंडीतल्या परिपत्रकात लिहिलं होतं की ग्रामीण स्त्रियांना खाद्यपदार्थांच्या लहान उद्योगातून उपजीविका मिळवून द्यावी आणि होळीच्या आत तसं कळवावं. मिळवून कशी द्यावी याबद्दल दोन ओळी होत्या. कळवावं कसं याबद्दल चार पानं होती.

पिपरखारी हे गाव धानोऱ्यापासून चार कोस आत, मोहाच्या आणि सागाच्या झाडांनी पुरतं झाकलेलं. तिथं गुणाबाई नावाच्या पन्नाशीच्या विधवेनं मला एकदा जेवायला वाढलं होतं. ताटात कोहळ्याच्या वड्यांचं कालवण होतं. वडी तोंडात विरघळली आणि माझ्या डोक्यात योजना उगवली. आमचे शेजारी, दवाखान्यातले कंपाउंडर बाबुलाल, यांच्या मेहुण्याचं वरोऱ्याला किराणा दुकान होतं. तो म्हणे जेवढ्या वड्या येतील तेवढ्या घेईल.

बाबुलालनं फुकटचा सल्लाही दिला. तो म्हणाला, "परचुरेजी, जंगलातल्या बाईले काम जरूर द्या. पन ते कुठी बसून कराचं ते तिलेच ठरवू द्या. तुम्ही बीचमे पडू नका." मी हसलो. समाजशिक्षण संघटकानं मध्ये पडायचं नाही तर पडायचं कुठं?

गुणाबाईला मी योजना समजावली तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. तिची सून प्रेमिला दाराशी बसून डाळ पाखडत होती. सहावा महिना. इस्तारी नावाचा ठेकेदाराचा मुकादम दरवर्षी दिवाळीत आणि पुन्हा होळीआधी ट्रक घेऊन यायचा आणि गावातल्या बायका सिरोंच्याकडच्या जंगलात बांबू तोडायला घेऊन जायचा. गेल्या वर्षी प्रेमिला तिथंच एका झाडाखाली बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी लेकरू गेलं.

"साहेब, तुमच्या या कागदानं माही सून घरी राह्यते का?" गुणाबाई म्हणाली. "तेवढं सांगा जी. बाकी मले काई समजत नाई."

सरकारी माणसानं खात्री कशाचीच द्यायची नसते. पण प्रेमिलानं सूप थांबवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणून गेलो, "राहील."

वड्यांसाठी दोन छकडे भरून कोहळे आले. उडदाची डाळ आली. बायका पाटे-वरवंटे घेऊन बसल्या आणि कोहळ्यांकडे बघत नुसत्या बसूनच राहिल्या. अर्धा तास गेला. मी विचारलं, आता मुहूर्त पाहिजे का?

"मानूस पायजे," गुणाबाई म्हणाली. "कोहळा म्हंजे थोरला लेक. बाई त्याच्यावर पैला घाव नाई घालत. मानसानं फोडला का मंग आमी किसतो."

गावातले धडधाकट पुरुष आधीच जंगलात गेलेले. उरला होता कोतवाल मनसाराम. त्याच्या मिशा बघून त्यानं वाघ फोडला असता असं कुणालाही वाटावं. तो दोन पावलं मागं सरला. "माह्या थोरल्याचं लगन ठरून राह्यलं साहेब. या वक्ती मी थोरला लेक फोडू? तुमाले पोरगं नाई ना अजून? मंग तुम्हीच फोडा. तुमाले काऊन भ्याव?"

माझ्या निपुत्रिकपणाचा असा जाहीर उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. मी कुऱ्हाड घेतली. पहिला घाव जमिनीत, दुसरा निसटून मनसारामच्या बाजूला. तिसऱ्या घावाला कोहळा फुटला, आणि त्यातून असा काही खोल आवाज आला की माझ्या हाताला काटा आला. माणसानं झोपेत उसासा टाकावा तसा. नऊही बायकांनी हात जोडले. त्यानंतर रोज सकाळी एकेकीच्या पुढ्यात एक कोहळा ठेवायचा आणि मी ओळीनं फोडत जायचं, असा परिपाठ पडला. गावात मला "फोडणारे साहेब" म्हणू लागले. आमच्या सौभाग्यवतींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घरात नारळ फोडायला सांगितला तर अंगठ्याला लागतं म्हणता."

पहिल्या दिवसाच्या वड्या वानरांनी खाल्ल्या. दुसऱ्या दिवसाच्या वानरांनी आणि कावळ्यांनी मिळून खाल्ल्या. शिवाय गावात ऊन असं नव्हतंच, जिकडेतिकडे मोहाची सावली. तिसऱ्या दिवशी, ज्या कामासाठी माणूस टमरेल घेऊन झाडीत शिरतो त्या कामासाठी मी जरा लांब गेलो, आणि झाडी संपून एकदम उघड्यावर आलो. समोर सारवल्यासारखं सपाट खळं. त्यावर टळटळीत ऊन. चारी बाजूंनी ढासळलेल्या मातीच्या भिंती, एका कडेला एकटं मोहाचं झाड. मी तिथं बराच वेळ थांबलो. एक वानर नाही, एक कावळा नाही. वाळकं पान वाऱ्यानं खळ्याच्या काठापर्यंत येई आणि तिथंच थांबे.

ज्या कामाला गेलो होतो त्याची आठवण मला गावात परत आल्यावर झाली.

मनसाराम म्हणाला, "ते जुनं गाव हाय साहेब. रीठ. तिथी कोनी जात नाई."

"का?"

"कोनी जात नाई म्हनून."

मी बायकांना जमवून पाऊण तास भाषण केलं. अंधश्रद्धा, पंचवार्षिक योजना, सूर्यप्रकाशातली जीवनसत्त्वं. वानरं तिथं येत नाहीत हा तर मी निसर्गाचा आशीर्वादच ठरवला. बायका जमिनीकडे बघत राहिल्या. शेवटी गुणाबाईनं प्रेमिलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चाला," ती म्हणाली. "जागा देईन ती. पन एक आयका साहेब. तिथी कोनाचं नाव घेऊ नका."

कुणाचं नाव, कशाचं नाव, मी विचारलंच नाही. जागा मिळाल्याच्या आनंदात मी म्हणालो, "नाही घेत."

रिठावर पहिले चार दिवस काम झकास झालं. प्रत्येकीचा आपला बांबूचा तट्टा. रात्री गावात भिजवलेली डाळ पहाटे रिठावर आणून वाटायची, किसलेला कोहळा पिळून तिच्यात मिसळायचा, आणि ऊन चढेपर्यंत वड्या घालून व्हायच्या. वडी घालणं ही काय चीज आहे ते मला तिथं कळलं. पाच बोटांनी पीठ उचलायचं, सोडायचं आणि वर शेंडी ओढायची. दर बाईची शेंडी निराळी. गुणाबाईची सरळ उभी, प्रेमिलाची जरा वाकडी, बुधरीची बुटकी. तट्टे अदलाबदल झाले तरी बायका लांबूनच सांगत, ही तुही, ही माही. एकीची वडी दुसरीच्या नावावर खपायची नाही.

मोहाच्या झाडाखाली एक पितळी लोटा पालथा पडलेला होता. हिरवट कळंक चढलेला, पण धड. मी तो राखेनं घासला तर त्यावर अक्षरं निघाली, आंदणाच्या भांड्यावर नाव घालतात तशी. पाणी प्यायला मी तोच वापरू लागलो. मी पहिला घोट घेतला तेव्हा नऊ वरवंटे एकदम थांबले होते. गुणाबाई एवढंच म्हणाली, "तो जिथचा तिथीच ठेवत जा जी." मला वाटलं, चोरीला जाईल म्हणून सांगते आहे.

मग आला कायदा. सहकारी संस्था नोंदवायची तर सभासद दहा पाहिजेत, सज्ञान आणि त्याच गावचे. माझ्याकडे नऊ. बाकीच्या बायका दिवाळीतच इस्तारीबरोबर गेलेल्या. मनसारामनं गावातल्या झिंगूची बायको सुचवली, ती तेरा वर्षांची निघाली. मग त्यानं स्वतःला सुचवलं. मी त्याच्या मिशांकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "कागदावर कुठी दिसते?" आमची सौभाग्यवती तयार होती, पण ती धानोऱ्याची. अर्ज दुसऱ्या दिवशी टपालात पडायला हवा होता. नोंदणी झाली नाही तर डाळ-कोहळ्याचा सरकारी पैसा बंद, म्हणजे वरोऱ्याला माल बंद, आणि ट्रक तर होळीआधी येणारच.

मी रिठावर अर्ज मांडीवर घेऊन बसलो होतो. भर बाराचं ऊन. शेजारी लोटा. मी पाणी प्यायलो, लोटा खाली ठेवला, आणि लोट्यावरचं नाव दहाव्या रकान्यात लिहिलं. या नावाची कुणी बाई कधीतरी या गावची असणारच, म्हणजे मी अगदीच खोटं लिहीत नव्हतो, अशी माझ्या मनाची समजूत मी काढली. अंगठ्याच्या जागी माझा डावा अंगठा उमटवला. आयुष्यातला पहिला गुन्हा, आणि तोही वड्यांपायी.

पुढं नियम असा की यादी सभासदांसमोर तीनदा मोठ्यानं वाचायची. नियमाला मी फार मानतो. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि वाचली. नऊ नावं झाली. दहावं वाचलं, "भागीरथा."

बायकांच्या हातून पीठ गळालं. बुधरीनं पदर तोंडात कोंबला. गुणाबाई उठून उभी राहिली आणि तिनं माझ्याकडे हात केला, थांबा म्हणून. पण नियम तीनदाचा होता. मी आणखी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मोहाच्या झाडावरची सगळी पानं एकाच बाजूला वळली, आणि वारा तर कुठंच नव्हता.

"वाचलं ना आता," गुणाबाई बसत म्हणाली. "झालं मंग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊ कोहळे फोडून कुऱ्हाड खाली ठेवली, तर ओळीच्या टोकाला, मोहाच्या सावलीत, दहावा कोहळा ठेवलेला होता. मला वाटलं, मोजायला चुकलो. फोडला. तो मात्र आवाज न करता फुटला. दुपारी वाळवण बघायला गेलो तर दहावी ओळ होती. तट्टा नाही, पळसाची पानं मांडून त्यावर. वड्या सारख्या आकाराच्या, आणि शेंडी अशी की मी तोवर पाहिलेली नव्हती. वर ओढून मग डावीकडे मुरडलेली.

"या कुणाच्या?" मी विचारलं.

नऊ जणींनी आपापल्या तट्ट्यांवर हात ठेवले. माझ्यातला संघटक रागावला. डाळ आणि कोहळे सरकारी खर्चाचे होते, तेव्हा यांच्यातलीच कुणी ती डाळ वाटून मला गंमत दाखवते आहे, असं मी धरून चाललो. मी तसं बोलूनही दाखवलं. गुणाबाईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं आमची आई बघायची, मी तापात बडबडत असलो म्हणजे.

"साहेब, तुम्ही सभासद केलं. मंग ती कामाले नाई येनार? फुकटची सभासद राहीन का ती?"

त्यानंतर रोज दहा कोहळे, दहा ओळी. मी मनातल्या मनात खुलासे तयार करत असे. पहाटे कुणी येऊन घालत असेल. मग पहाटे मनसारामला पहाऱ्याला बसवलं. तो म्हणाला, कोणी आलं नाही. मी विचारलं, नीट बघितलंस का? तो म्हणाला, "पाठ करून बसलो होतो, पन कोनी आलं नाई."

बाबुलालला धानोऱ्यात विचारलं. तो गोळ्या मोजता मोजता म्हणाला, "वड्या कैशा हाय?" मी म्हणालो, चांगल्या आहेत. खरं म्हणजे सगळ्यांत चांगल्या त्याच होत्या. "मंग काम चालू द्या," तो म्हणाला. "मेहुना म्हनते, मुरडलेल्या शेंडीच्या अजून पाठवा. गिऱ्हाईक मागून राह्यलं." आमची सौभाग्यवती म्हणाली, तिला म्हणावं एकदा घरी येऊन मला शिकव. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सर्वांत वाईट होता तो आवाज. एका दुपारी काम आटोपून नऊही जणी भाकरी खायला बसल्या होत्या. मी त्यांचे हात मोजले. खरंच मोजले, अठरा भरले. आणि पलीकडून, पडक्या भिंतीमागून, वरवंटा पाट्यावर फिरल्याचा आवाज येत होता. सावकाश, एका लयीत, मधूनच डाळ सारखी करायला थांबून. प्रेमिला पोटावर हात ठेवून ऐकत होती. ती घाबरलेली नव्हती, हे मला जास्त भयंकर वाटलं.

"रोज येते का हा आवाज?" मी विचारलं.

"तुम्ही नाव वाचलं तवापासून," ती म्हणाली. "ती लई मन लावून वाटते."

एवढ्यात इस्तारीला वास लागला. नऊ बायका ट्रकला नकार देतात म्हणजे काय? त्यानं चांद्याला, जिल्ह्याच्या कचेरीत, तक्रार पाठवली की पिपरखारीच्या संस्थेतली दहावी सभासद बोगस आहे, तिला जिवंत कोणी पाहिलेलं नाही. इतकी अचूक तक्रार मी माझ्या उभ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही.

चौकशीला गुणवंतराव नावाचे तपासनीस आले. छकड्यानं हाडं खिळखिळी झालेली, डोक्यावर टोप, बगलेत दप्तर. त्याच दिवशी इस्तारी ट्रक घेऊन आला आणि गावाबाहेर उभा करून आमच्या मागोमाग रिठावर आला. हिशोब सरळ होता. दहावी हजर नसली तर नोंदणी रद्द, आणि तिथल्या तिथं नऊ जणी ट्रकमध्ये. मी प्रेमिलाकडे बघू शकत नव्हतो. मी "राहील" असं म्हटलं होतं आणि आता माझ्या डाव्या अंगठ्यामुळे ती जाणार होती.

गुणवंतराव मोहाच्या झाडाकडे पाठ करून बसले. वेळ बरोबर बाराची. त्यांनी यादी उघडली, हाक मारायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबले.

"कोण वाटतंय?"

आवाज भिंतीमागून येत होता. नऊही जणी त्यांच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

"आमचंच काम आहे," मी म्हणालो.

नऊ नावांना नऊ वेळा "हाव जी" आलं. मग त्यांनी वाचलं, "भागीरथा." वरवंटा थांबला. उत्तर आलं नाही. इस्तारी हसला. गुणवंतरावांनी टोप काढून रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "परचुरे, ही बाई कुठं आहे? असेल तर आत्ता हजर करा. नसेल तर तसं लिहून द्या."

मी लिहून द्यायला पेन काढलं. नोकरी जाईल, जाऊ दे, असं ठरवलंही. मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. तेवढ्यात गुणाबाई उठली.

"तिले अशी हाक मारून ती येनार नाई साहेब," ती म्हणाली. "हजेरीची हाक आयकून ती काम करते. पन समोर येत नाई. तिले आमी एक हाक देनं लागतो. ती त कोनी मारलीच नाई."

ती तपासनिसांशी बोलत नव्हती. मोहाकडे बघून बोलत होती.

"मानमोडीच्या तापाच्या सालात हे गाव उठलं. दिवसाले चार-चार मानसं जात होते. मी दहा वर्साची होती. माहा भाऊ गेला, अन् त्याची बायको तापानं पडली. इथीच, या खळ्यावर. तिच्यानं चालवत नव्हतं. लोकं म्हने, बिमारीचं मानूस घेऊन नवं गाव बसवाचं नाई. माह्या मायनं तिच्या उशाशी लोटा भरून ठेवला. म्हनली, भागीरथा, आमी पुढं होतो, जागा पायतो. घर झालं का तुले हाक मारतो, तू ये. ती म्हनली, हाव. घर झालं. हाक कोनी मारली नाई. नाव घेतलं त ती येईन, अन् आली त तिले काय तोंड दाखवाचं? म्हनून नावच घेत नाई कोनी. मीबी नाई घेतलं. चाळीस वर्सं झाली."

इस्तारीचं हसू मावळलं होतं. गुणवंतरावांच्या हातात टोप तसाच होता.

गुणाबाई खळ्याच्या मधोमध गेली. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जंगलात माणूस माणसाला हाक मारतं तशी मारली. "वैनी वो! भागीरथा वैनी! घर झालं वो! ये!"

कितीतरी वेळ काहीच नाही. मग भिंतीमागून, अगदी जवळून, कामातल्या बाईच्या साध्या आवाजात उत्तर आलं.

"आली वो."

इस्तारी तेलुगूत देवाचं नाव घेत पळाला. तो परत वळणार नाही याची खात्री पटली, कारण तिथंच राहिलेल्या एका चपलेसाठीही तो थांबला नाही. गुणवंतराव पळाले नाहीत. मी त्यांना यासाठी कायम मान दिला. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि शाईची डबी व कागद माझ्याकडे सरकवले.

"अंगठा," ते म्हणाले. "ताजा पाहिजे. तुम्ही घ्या. मी बघणार नाही."

कागद पुढं धरून मी मोहाच्या झाडाशी गेलो. मीही डोळे मिटले. ओल्या उडदाच्या डाळीचा वास आला, आणि कागदावर हलकंसं वजन पडलं. मी शाईची डबी उघडायलाच विसरलो होतो. डोळे उघडले तेव्हा दहाव्या रकान्यात अंगठा उमटलेला होता. काळा नव्हे, पांढरा, कोहळ्याच्या सालीवर राखेसारखी भुकटी असते ना, तिचा. रेषा न रेषा स्पष्ट.

गुणवंतरावांनी एक डोळा उघडला. बराच वेळ कागदाकडे पाहिलं. "शाई पांढरी कशी, असा शेरा मारावा लागेल," ते पुटपुटले. मग त्यांची नजर प्रेमिलाच्या पोटाकडे गेली, आणि त्यांनी शेरा मारला नाही. "दहा हजर" असं लिहून खाली सही केली आणि छकडेवाल्याला, बैल मेले तरी चालतील पण आत्ता निघ, असं सांगितलं. ट्रक त्यांच्या आधीच निघाला होता, रिकामा.

प्रेमिला खळ्यावर बसून रडत होती. बाकीच्या तिच्याभोवती बसल्या. गुणाबाई रडली नाही. तिनं तट्टे गोळा करायला लावले, पाटे उचलायला लावले, आणि म्हणाली, "चाला घरी. मांगं कोनी पाहू नका. तिले लाज वाटंन."

जंगलातली पायवाट एका माणसापुरती असते. पुढं गुणाबाई, मागं एकेक करून आठ जणी, आणि सर्वांत शेवटी मी, खांद्यावर कुऱ्हाड. पहिली काही पावलं मला फक्त आमच्याच पायांचा आवाज येत होता. मग माझ्या मागं जोडव्यांचा आवाज सुरू झाला. चालण्याची सवय मोडलेल्या बाईचा, थांबत थांबत येणारा. मी जोरात चाललो की तो मागं पडे. मी थांबलो की तोही थांबे. मला पळावंसं वाटत होतं. आणि मग मला कळलं की तो माझा पाठलाग करत नाही. वाट एका माणसापुरती, आणि तिची माणसं पुढं. मध्ये मी होतो.

बाबुलालनं मला मध्ये पडू नका म्हणून सांगितलं होतं, पण ते त्या वेळी आठवलं नाही. मला एवढंच वाटलं की चाळीस वर्षं थांबलेल्या बाईला अजून थांबायला लावणारा मी कोण. मी पायवाट सोडून बाजूच्या काटेरी झुडपात उतरलो. पँट फाटली. मागं न बघता म्हणालो, "या वैनी. तुम्ही पुढं व्हा."

जोडवी माझ्या शेजारून गेली. पुढच्या बायका, मागं न बघता, एकेक करून वाटेच्या कडेला सरकत गेल्या. अगदी पुढं गुणाबाई चालत होती. तिनं चालता चालताच एक हात मागं केला, लहान पोरीनं मोठ्या माणसाचं बोट धरायला करावा तसा, आणि थोड्या वेळानं तिची मूठ मिटली.